भीती, उदासी आणि उधारी : टाळेबंदीतले शहागंज

माझ्या दुकानातल्या उधारीच्या वहीत २१ मार्च २०२० या तारखेखाली सात नोंदी आहेत. अस्तर, बकरम, चेन, हूक, दोऱ्याचे डबे. तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू झाला. बुधवारी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागू झाली. वहीतले पुढचे पान कोरे आहे. त्यानंतरची पहिली नोंद जूनमधली, आणि ती मालाची नाही. ‘जमा’च्या रकान्यात शंभर रुपये लिहिलेले आहेत.

ते शंभर रुपये देऊन गेलेल्या माणसाकडे मी त्या दिवशी नीट पाहिले नाही. हा लेख लिहायला घेण्याचे खरे कारण तेच आहे.

शहागंज हा तेव्हाच्या औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, जुना बाजार. घड्याळाचा मनोरा, अठराव्या शतकातली मशीद, भाजीच्या हातगाड्या, कापडाची दुकाने. एका अंगाला सिटी चौक, दुसऱ्या अंगाला राजाबाजार. इथे माझे शिवणकामाच्या साहित्याचे दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेले हे दुकान मी बारावीनंतर सांभाळायला घेतले. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे वाचले ते ग्रंथालयात बसून, आणि २०२०नंतर मोबाइलच्या पडद्यावर, शब्दकोश शेजारी ठेवून. टाळेबंदीतल्या मानसिक आजारांवरचे संशोधन वाचताना एक गोष्ट खटकत राहिली : त्यातला माणूस आमच्या गल्लीतला वाटत नव्हता. म्हणून ओळखीच्या लोकांशी, त्यांना विचारून, बोलत गेलो आणि टिपणे ठेवली. इथे कोणाचेही नाव दिलेले नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ही काही पाहणी नव्हे आणि तिच्यातून टक्केवारी निघणार नाही.

या टिपणांतून आणि वाचनातून माझे म्हणणे एवढेच तयार झाले आहे : टाळेबंदीने आमच्या बाजारातल्या माणसांना दोन वेगवेगळी दुखणी दिली. आधी भीती आणि नंतर उदासी. पहिल्या दुखण्याची दखल सगळ्यांनी घेतली. दुसरे आले तेव्हा दुकाने उघडलेली होती, त्यामुळे ते कोणाला दिसलेच नाही.

दोन दुखण्यांतला फरक

आपण दोन्हींना मिळून ‘टेन्शन’ म्हणतो. पण ती एक नाहीत. चिंता पुढे पाहते. काहीतरी वाईट होणार, या अपेक्षेने शरीर सावध राहते : छाती धडधडते, घशाला कोरड पडते, झोप लागत नाही, हातापायांना मुंग्या येतात. प्रत्यक्ष धोका समोर असताना ही सावधता उपयोगाची असते. धोका दिसत नाही, संपतही नाही, तेव्हा ती थकवून टाकते. नैराश्य मागे पाहते. जे गेले त्याच्याभोवती ते घुटमळते. कशातच गोडी वाटत नाही, भूक मरते, पहाटे तीन-चारलाच जाग येते, हातून काम उरकत नाही, आणि मुख्य म्हणजे ‘माझीच चूक’ हा विचार सुटत नाही. यातली बरीच लक्षणे दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ जवळजवळ रोज राहिली तर डॉक्टर त्याला आजार मानतात.

लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास करून जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७८ साली नैराश्याच्या सामाजिक मुळांवर पुस्तक लिहिले. नैराश्याआधीच्या काही महिन्यांत आयुष्यात बहुधा मोठा आघात झालेला असतो, आणि मन मोकळे करायला जवळचे माणूस नसेल तर तो आघात अधिक लागतो, असे त्यांना आढळले. त्यानंतर १९८१ साली फिन्ले-जोन्स आणि ब्राऊन यांनी आणखी एक भेद दाखवला : ज्या घटनेत धोका असतो तिच्यामागून बहुतेक वेळा चिंता येते, आणि जिच्यात काही गमावलेले असते तिच्यामागून नैराश्य. पुढे १९९५ मध्ये ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी गमावण्याला दोन गोष्टी जोडल्या, मानहानी आणि कोंडी. नुसते गमावले तर माणूस रडतो आणि सावरतो. गमावण्यासोबत मान गेला आणि बाहेर पडायची वाटही बंद झाली, तर तो खचतो.

हे वाचले तेव्हा माझ्यासमोर वहीतले ते कोरे पान आले. मार्च ते मे हा धोक्याचा काळ होता. गमावण्याचा, मानहानीचा आणि कोंडीचा काळ त्यानंतर सुरू झाला.

आधी भीती

पहिल्या काळाबद्दल शास्त्रज्ञांनी वेळेवर सांगितले होते. फेब्रुवारी २०२०च्या अखेरीस ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या अभ्यासकांचा लेख आला. सार्स, इबोला वगैरे जुन्या साथींतल्या विलगीकरणावरचे २४ अभ्यास त्यांनी तपासले होते. कोंडून घातलेल्या माणसाला नेमके काय छळते, याची त्यांनी यादी दिली : लांबत जाणारी मुदत, लागण होण्याची भीती, कंटाळा आणि चिडचीड, गरजेच्या वस्तूंची टंचाई, अपुरी किंवा उलटसुलट माहिती, आणि सुटका झाल्यावर पैशाचे नुकसान व लोकांचा संशय. आपल्याकडे टाळेबंदी लागण्याच्या महिनाभर आधी ही यादी छापून आली होती.

आमच्याकडे त्यातले काहीही चुकले नाही. मुदत २१ दिवसांची होती. ती ३ मे, १७ मे, ३१ मे अशी पुढे सरकत गेली. प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री लोक दूरचित्रवाणीसमोर बसत. शहर रेड झोनमध्ये होते. रुग्ण सापडला की गल्लीच्या तोंडाला बांबू आणि पत्रे लागत. माहितीला तोटा नव्हता, पण ती मोबाइलवरून येई आणि सकाळची संध्याकाळी खोटी ठरे. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्यातल्या पोलाद कारखान्यातून ते मध्य प्रदेशातल्या आपल्या घरांकडे पायी निघाले होते. रुळांवर पसरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र दुपारपर्यंत प्रत्येकाच्या फोनवर आले होते. करमाड आमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर. त्या रात्री शेजारच्या इमारतीत उशिरापर्यंत दिवे जळत होते.

माझे स्वतःचेही सांगतो. मे महिन्यात मला रात्री दीड-दोनला जाग येऊ लागली. छातीत धडधड, डाव्या हाताला मुंग्या. पन्नाशी ओलांडलेली, वडील हृदयविकारानेच गेलेले. मी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणवले आणि दर तासाला आकडा पाहू लागलो. ९७ आला की पाच मिनिटे बरे वाटे; ९५ आला की घाम फुटे. शेवटी ईसीजी काढला, तो सरळ निघाला. डॉक्टर म्हणाले, “काका, हृदयाला काही झालेलं नाही, मनाला झालंय.” मला त्या वेळी ते अपमानकारक वाटले. पुढे वाचल्यावर समजले की पुन्हा पुन्हा आकडा पाहण्यानेच भीती पोसली जाते : तपासल्यावर क्षणभर सुटका वाटते, आणि त्या सुटकेसाठी मन पुन्हा तपासायला लावते. यंत्र मुलाने कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली, तेव्हा दहा-बारा दिवसांत झोप परतली.

भीतीला आमच्याकडे एक वेगळी धारही होती. मार्चअखेरीस दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या बातम्या आल्या आणि साथीला धर्म चिकटवला गेला. शहागंजात हिंदू आणि मुसलमान दुकानदारांच्या भिंती एक आहेत. तरी भाजीच्या गाडीवाल्याला नाव विचारणारे निघाले. आजाराची भीती आणि शेजाऱ्याची भीती एकत्र झाली की ती दुप्पट होत नाही, कितीतरी पट होते. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या याच शहरातल्या खंडपीठाने तबलीगशी संबंधित २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले, आणि साथीच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो व या लोकांची निवड तशी झालेली असू शकते, असे निकालात नोंदवले. निकाल आला, पण तोपर्यंत चार महिने गेले होते. ते महिने ज्यांनी मान खाली घालून काढले, त्यांच्या मनातले गुन्हे रद्द करणारे न्यायालय कुठे आहे?

‘घरात राहा’ म्हणजे कुठे?

टाळेबंदीमागचा साथरोग प्रतिबंधक कायदा १८९७चा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वेळचा. पण त्या साथीत लोकांनी नेमके उलटे केले होते. गावात उंदीर पडू लागले की लोक घरे सोडून रानात, माळावर झोपड्या घालून राहात. सक्तीच्या छावण्या आणि घरझडत्यांचा जाच होता, मृत्यूही भयंकर होते. तरी साथ म्हणजे घर सोडणे, ही आपल्या आज्यापणज्यांची आठवण. २०२० मध्ये साथ म्हणजे घरात बसणे झाले. रोगाच्या दृष्टीने दोन्ही बरोबर, कारण एक उंदरांवरच्या पिसवांतून येतो आणि दुसरा माणसाच्या श्वासातून. मनाच्या दृष्टीने मात्र फार अंतर आहे.

जुन्या शहरातल्या गल्ल्यांत दोन खोल्यांत सात-आठ माणसे राहतात. त्यांचे घर रात्री झोपण्यापुरते असते. दिवसाचे घर म्हणजे दुकान, कट्टा, शाळा, मशीद, देऊळ, चहाची टपरी. सगळे दिवसरात्र एकत्र आले तेव्हा पुरुषांना घर तुरुंगासारखे वाटले. बायकांना काय वाटले, हे कोणी विचारले नाही. माझ्याकडून दोरे नेणारी, साड्यांना फॉल-पिको करणारी एक बाई पुढे मला म्हणाली, “दुपारी बारा ते तीन माझं असायचं दादा. सगळे बाहेर, मी आणि मशीन. त्या तीन महिन्यांत मला एक मिनिट एकटं मिळालं नाही.” कामही नव्हते आणि एकांतही नव्हता, स्वयंपाक मात्र चार वेळा होता. ‘लॅन्सेट’ने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अंदाजानुसार साथीमुळे २०२० या एका वर्षात नैराश्याचे सुमारे ५ कोटी ३२ लाख आणि चिंताविकाराचे सुमारे ७ कोटी ६२ लाख रुग्ण वाढले, आणि दोन्हींत वाढ स्त्रियांमध्ये व तरुणांमध्ये जास्त होती. फॉल-पिको करणाऱ्या त्या बाईचे वाक्य मला या आकड्यांचा अर्थ सांगून गेले.

शोकाचीही अशीच कोंडी झाली. अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त माणसे नकोत, असा नियम होता. दहावा-तेरावा झाला नाही, जियारतीला कोणी आले नाही. आपल्याकडे दुःख वाटून घेण्याची रीत म्हणजे दारात येऊन बसणारी माणसे. ती आली नाहीत, तेव्हा गेलेला माणूस खरोखर गेला आहे हेच पुष्कळांच्या मनात महिनोन् महिने उतरले नाही.

दुकाने उघडली, त्यानंतर

जूनमध्ये ‘पुनश्च हरिओम’ झाले. रस्त्याच्या एका बाजूची दुकाने आज, दुसऱ्या बाजूची उद्या, असा सम-विषमचा नियम आला. १० ते १८ जुलै शहर पुन्हा कडकडीत बंद झाले. मग हळूहळू सुरळीत होत दिवाळीला, १४ नोव्हेंबरला, शहागंजात पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दी पाहून आम्ही म्हणालो, चला, संपले. ११ मार्च २०२१ पासून पुन्हा अंशतः बंद, आणि १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यभर निर्बंध. दुसऱ्या वेळी बंद झाले तेव्हा लोक घाबरले नाहीत, गप्प झाले. माझ्या टिपणांत हा फरक स्पष्ट आहे. पहिल्या वर्षीची वाक्ये ‘काय होईल?’ अशी आहेत. दुसऱ्या वर्षीची ‘काय उपयोग?’ अशी.

पुढे हाच क्रम मला संशोधनातही सापडला. लिव्हरपूल विद्यापीठातल्या एरिक रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ६५ दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मार्च-एप्रिल २०२० मध्ये लक्षणे एकदम वाढली आणि नंतरच्या काही महिन्यांत बहुतेक ओसरली, असे त्यात दिसले. पण नैराश्याची लक्षणे फारशी ओसरली नव्हती. यातले बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेतले आहेत. तिकडे पगाराला सरकारी आधार होता. उधारीच्या वहीवर चालणाऱ्या बाजारात काय झाले असेल, याचा विचार करावा.

आता ते शंभर रुपये.

आमच्याकडे शिंप्याला ‘मास्टर’ म्हणतात. हे मास्टर माझे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. त्यांच्या वर्षाचे तीन हंगाम : रमजानचे पठाणी, लग्नसराईतले ब्लाऊज आणि जूनमधले शाळेचे गणवेश. २०२० चा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला आणि २५ मेला ईद झाली. सगळा महिना टाळेबंदीत. लग्ने घरातल्या घरात. शाळा तर उघडल्याच नाहीत. म्हणजे बाजार जूनमध्ये उघडला, पण या माणसाचा हंगाम उघडला नाही. गणवेश पुढच्या वर्षीही नव्हते. जूनमध्ये ते दुकानात आले, शंभराची नोट काउंटरवर ठेवली. मी वहीत लिहिता लिहिताच विचारले, “मास्टर, बाकीचे कधी?” ते म्हणाले, “हौ, देता ना भाऊ.” आणि गेले.

पुढे ते माझ्या दुकानासमोरून जाणे टाळू लागले. मागच्या गल्लीतून वळसा घालत. मला वाटले, पैसे बुडवायचे आहेत. दोनदा फोनही केला, आणि आवाज चढवून बोललो. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांची मुलगी दुकानात आली. मशीन विकायचे आहे, कोणी घेणारे असेल तर सांगा, म्हणाली. मी विचारले, घरी सगळे ठीक ना? ती थोडा वेळ उभी राहिली, मग सांगू लागली. अब्बा पहाटे तीनला उठून बसतात. जेवत नाहीत. कापड पुढे पसरून, हातात कात्री घेऊन तासतासभर बसून राहतात, कापत नाहीत. ‘माप चुकेल’ म्हणतात. छातीत जड वाटते म्हणून दोन दवाखाने झाले. गोळ्या दिल्या, गॅसच्या. मला माझा ईसीजी आठवला.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला पाहून पहिल्यांदा पैशांचीच गोष्ट काढली. “दिल नै लगरा भाऊ,” ते शेवटी म्हणाले, “और तुमकु मुँह दिखाने की हिम्मत नै होरी.” ब्राऊन यांच्या लेखातले तीनही शब्द त्या एका वाक्यात होते, आणि त्यांतल्या मानहानीचा एक वाटेकरी मी होतो.

सामाजिक घड्याळ

उत्पन्न थांबणे हे कारण उघड आहे. पण ज्यांना पैशाची तितकी झळ लागली नाही, असेही काही लोक खचले. त्याचा उलगडा मला दोन सिद्धांतांतून झाला.

पहिला १९८८ सालचा. एलर्स, फ्रँक आणि कुप्फर या अमेरिकी अभ्यासकांनी मांडले की शरीराचे आतले घड्याळ सूर्यावर चालते तसेच माणसांवरही चालते. अमुक वाजता शटर उघडणे, अमुक वाजता चहावाल्याचा पोऱ्या येणे, दुपारची नमाज, संध्याकाळची आरती, गल्ला मोजणे. या ठरलेल्या भेटीगाठी आपली झोप, भूक आणि जाग जागेवर ठेवतात. त्या एकदम सुटल्या की ज्यांच्यात मुळात नाजूकपणा आहे, त्यांचे आतले घड्याळ बिघडते आणि त्यातून नैराश्य येऊ शकते. टाळेबंदीत लोक रात्री दोनला झोपून सकाळी अकराला उठू लागले. तो आळस नव्हता. उठवणारी माणसेच नाहीशी झाली होती.

दुसरा सिद्धांत पीटर ल्यूइन्सन यांनी १९७०च्या दशकात मांडलेला. आपल्याला बरे वाटते ते आपण काही करतो आणि त्याला जगाकडून दाद मिळते म्हणून. करणे थांबले की दाद थांबते. दाद थांबली की करावेसेही वाटत नाही. हे चक्र खाली खाली जाते. माणूस उदास आहे म्हणून काम करत नाही, असे आपण समजतो; उलटेही तेवढेच खरे आहे. घासाघीस, चेष्टा, ‘काय भाऊ, आज उशीर?’ असल्या किरकोळ बोलण्याची किंमत कोणी हिशेबात धरत नाही. पण बाजारातल्या माणसाला दिवसातून शंभर वेळा मिळणारी दाद हीच आहे.

आकड्यांत कोण आहे?

एप्रिल २०२० मध्ये भारतीय मानसोपचार संघटनेने केलेल्या ऑनलाइन पाहणीत १,६८५ जणांची उत्तरे विचारात घेतली गेली. त्यांपैकी ४०.५ टक्के लोकांत चिंतेची किंवा नैराश्याची लक्षणे दिसली. आकडा महत्त्वाचा आहे. पण ही पाहणी मोबाइलवर आलेल्या दुव्यातून भरायची होती. आमचे मास्टर असला अर्ज भरणाऱ्यांतले नाहीत. फॉल-पिकोवाल्या बाईंकडे फोन होता, तो मुलाच्या शाळेसाठी मुलाच्या हातात होता.

साथीच्या आधीची मोठी पाहणी म्हणजे बंगळुरूच्या निमहान्सने २०१५-१६ मध्ये केलेले राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण. ते बारा राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. टाळेबंदीच्या काळात राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे होती. मराठवाड्यात एकही नव्हते. आमच्याकडे अजूनही ‘येरवड्याला पाठवा’ ही शिवी आहे. उपचाराचे नावच जिथे शिवी होते, तिथे माणूस छातीत दुखते म्हणून दवाखान्यात जातो यात नवल काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदींत देशातल्या आत्महत्या २०१९ मध्ये १,३९,१२३ होत्या, २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३. २०२१ मध्ये त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा रोजंदारीवर जगणाऱ्यांचा होता. छोट्यामोठ्या धंदेवाल्यांची संख्या २०१९ मधल्या ९,०५२ वरून २०२० मध्ये ११,७१६ झाली. एखाद्या मृत्यूमागे एकच कारण क्वचित असते आणि हे सगळे टाळेबंदीच्या माथी मारणे बरोबर नाही. पण वाढ दुसऱ्या वर्षीही थांबली नाही, ही गोष्ट माझ्या टिपणांतल्या ‘काय उपयोग?’शी जुळते.

काउंटरवरचा उपाय

यातून मार्ग काय, याचे मला सापडलेले सर्वांत चांगले उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातले आहे. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. नैराश्याने बरेच ग्रासलेले ४९३ प्रौढ त्यात होते. त्यांच्यापैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर सहा ते आठ बैठका दिल्या. बैठक घेणारे ना डॉक्टर होते ना मानसशास्त्रज्ञ; प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे होती. ती काय करीत? रुग्णाबरोबर बसून, त्याला पूर्वी कशात बरे वाटे ते विचारीत, आणि त्यातले एखादे लहान काम दिवसाच्या ठरलेल्या वेळी करायला लावीत. मन लागल्यावर काम नव्हे. काम आधी, मन मागून येईल. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

मास्टरांना आम्ही आधी सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात नेले. ते महत्त्वाचे आहे. तीव्र नैराश्यात गप्पांनी भागत नाही. गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, मध्येच सोडायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला नीट समजावले. उधारी मी माफ करतो म्हणालो, तर त्यांनी साफ नकार दिला. माझ्या उशिरा लक्षात आले की माफी हीदेखील मानहानीच ठरली असती. मग असे ठरले : रोज सकाळी अकराला दुकानात यायचे, चहा घ्यायचा, आणि उरल्यासुरल्या कापडाची एक पिशवी शिवायला न्यायची. पिशवीची मजुरी खात्यात जमा. पहिल्या आठवड्यात दोन पिशव्या आल्या, दोन्हींची शिवण वाकडी. मी त्या घेतल्या आणि लिहिल्या. निर्बंधांच्या दिवसांत दुकान बंद असतानाही अकराला त्यांचा फोन येई, किंवा मी करी.

आपल्याकडे हे काम करण्याजोगी माणसे गल्लोगल्ली आहेत : दुकानदार, आशाताई, मौलवी, पुजारी, औषधाच्या दुकानातला माणूस. त्यांनी डॉक्टर व्हायची गरज नाही. रोज येणारा माणूस यायचा थांबला, वाटेने वळसा घालू लागला, छातीत दुखते म्हणून दवाखाने बदलू लागला, तर ‘झोप लागते का? जेवण जाते का? काही गोड वाटते का?’ एवढे तीन प्रश्न विचारता आले पाहिजेत. आणि पैशांची गोष्ट काढायच्या आधी विचारता आले पाहिजेत. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. रात्री-बेरात्रीही मराठीत बोलता येते. तो मी दुकानात दरपत्रकाच्या खाली लिहून ठेवला आहे.

टाळेबंदी चुकली की बरोबर होती, हा वाद या लेखाचा विषय नाही. विषाणूपुढे काहीतरी करणे भागच होते. माझे म्हणणे पुढच्या वेळेसाठी आहे. बाजार बंद करताना आपण माल थांबवतो, तसे माणसांना एकमेकांकडून मिळणारे औषधही थांबवतो. आणि बाजार उघडला म्हणून ते आपोआप सुरू होत नाही. भीतीसाठी आपण पथके नेमली, फलक लावले. उदासीसाठी दुकाने उघडल्यानंतरची दोन वर्षे राखून ठेवायला हवी होती.

मास्टर आता बरे आहेत. पूर्वीच्या निम्म्या वेगाने काम करतात, आणि माप दोनदा घेतात. गणवेशाचा हंगाम परत आला आहे. त्यांचे खाते मी बंद केलेले नाही, आणि तेही बंद करू देत नाहीत. मागच्या जूनमध्ये त्यांनी आठ डबे दोरा नेला. मी वहीत लिहिले, आणि या वेळी आधी मान वर करून पाहिले.